कोरं लेटरहेड

शीला मॅडमनी चौथा लिफाफा फोडला तसा धर्मपाल खुर्चीत पुढे सरकला, कारण तो लिफाफा त्याचा होता.

"मुनेश्वर फॅब्रिकेशन," मॅडमनी वाचलं. नगरपरिषदेचं खरेदीचं टेबल त्यांच्याकडे होतं. "अभ्यासिकेसाठी लोखंडी टेबल-खुर्च्या." मग त्यांनी दर वाचला, आणि शेजारी बसलेल्या इंजिनिअरनं मान वर केली. आधीच्या तिन्ही दरांपेक्षा तो कमी होता. धर्मपालला वाटलं, झालं आपलं काम.

एकच लिफाफा उरला होता. मॅडमनी तो उघडला, वाचायला तोंड उघडलं आणि तशाच थांबल्या.

"धर्मपालभाऊ, हेही तुमचंच आहे."

"माहं? मी तं एकच टाकला."

"हे बघा. लेटरहेड तुमचं, शिक्का तुमचा, सही तुमची. दर मात्र चांगलाच चढा लावलाय."

धर्मपालनं सही पाहिली. त्याचीच होती. अक्षर कुणाचं होतं तेही त्यानं ओळखलं.

लहानसहान खरेदीला नियम असा, की निदान तीन दुकानदारांकडून बंद लिफाफ्यात दर मागवायचे आणि ज्याचा कमी त्याला काम द्यायचं. नियम करणाऱ्याला वाटलं असणार, तिघं जण एकमेकांवर कुरघोडी करतील आणि जनतेचा पैसा वाचेल. नियम करणारा भला माणूस असावा, पण तो या गावात कधी चहा प्यायला आलेला नसावा. इथे तिन्ही लिफाफे एकाच मोटारसायकलच्या डिकीतून यायचे. ज्याला काम घ्यायचं तो आपला दर भरायचा, आणि ओळखीच्या दोघांची लेटरहेडं घेऊन त्यांच्यावर चढे दर लिहायचा. याला 'सपोर्ट देणं' म्हणत. त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. शेजाऱ्याच्या लग्नाला आपली भांडी द्यावीत, इतक्या सहज ते चालायचं.

बाबूसिंग कंत्राटदाराला धर्मपाल कितीतरी वर्षं सपोर्ट देत आला होता. दर वेळी सहीसाठी खेपा नकोत म्हणून त्यानं सही-शिक्का मारलेल्या कोऱ्या लेटरहेडचा एक गठ्ठाच बाबूसिंगच्या ऑफिसात ठेवून दिला होता. बाबूसिंगही बेइमान नव्हता. मिळालेलं लोखंडकाम तो धर्मपाललाच करायला द्यायचा. बसस्टँडवरचे बाक, बागेचं फाटक, कचऱ्याचे पिंजरे, एवढंच काय, कळंबच्या शाळेचा झोपाळासुद्धा धर्मपालच्या हातचा. कागदावर मात्र सगळं बाबूसिंगचं. धर्मपाल कागदावर दर वेळी हरलेला, दर वेळी महाग.

या वेळची गोष्ट वेगळी होती. अभ्यासिका त्याच्याच वस्तीत, बुद्धविहाराच्या मागे बांधली होती. बांधून झाली तशी कुलूप लावून पडली होती, कारण टेबल-खुर्च्या नव्हत्या. शेजारची मैत्रेयी तलाठी भरतीची तयारी करत होती. ती येता-जाता विचारायची, "काका, टेबल कदी येनार वो?" धर्मपालनं ठरवलं, हे काम आपल्या नावावर करायचं. जाड पाइप घालायचा, नफा थोडाच ठेवायचा, आणि प्रत्येक टेबलाच्या कडेला आपलं नाव कोरायचं. वस्तीला कळू दे, हे कुणाच्या हातचं आहे.

बाबूसिंगला मात्र त्यानं हे सांगितलं नाही. सांगायची लाज वाटली. इतक्या वर्षांच्या माणसासमोर उभं राहून 'मी तुह्याविरुद्ध दर भरून राह्यलो' असं कसं म्हणायचं? म्हणून तो गुपचूप गेला आणि लिफाफा टाकून आला. त्या गठ्ठ्याची त्याला आठवणसुद्धा झाली नाही.

"एका दुकानाचे दोन दर आले की दोन्ही बाद," मॅडम म्हणाल्या. "नियमच आहे तसा."

"मॅडम, हा दुसरा मी नाही भरला."

"सही तुमची नाही का मग?"

सही कोऱ्या कागदावर केलेली आहे असं म्हटलं, की बाक, फाटक, पिंजरे सगळंच उकरून निघणार. हे धर्मपालला ठाऊक होतं, इंजिनिअरला ठाऊक होतं, आणि मॅडमनाही ठाऊक होतं. इंजिनिअर पंख्याकडे पाहत बसला. खरं काय ते सगळ्यांना माहीत होतं, फक्त बोलायची सोय नव्हती.

"माहीच हाय," धर्मपाल म्हणाला.

मॅडमनी दोन्ही कागदांवर 'बाद' असं लिहिलं. तीन दर उरले, म्हणजे नियम पाळला गेला. त्यांत बाबूसिंगचा सर्वांत कमी होता.

खाली चहाच्या टपरीवर बाबूसिंगनं त्याला गाठलं.

"अबे, मले सांगतलं काहून नाही? एक फोन केला असता तं मी दर भरलाच नसता. मुनीमानं नेहमीसारखा गठ्ठ्यातला कागद काढला अन् लिवला. त्याले काय मालूम?"

बाबूसिंग खोटं बोलत नव्हता. धर्मपालला तेच जास्त लागलं. भांडायला समोर शत्रू तरी हवा होता.

"जाऊ दे," बाबूसिंगनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काम तूच कर. तुह्या वस्तीचं हाय. पाइप मी पाठवतो."

घरी बायकोनं, सत्यभामेनं, ऐकून घेतलं आणि एकदम म्हणाली, "तुमी नका करू ते काम."

"मी नाही केलं तं दुसरा कोनी करन. माह्या हातचा जोड तरी पक्का राहीन."

"जोडाले काय करता? पाइप त्याचा राहीन ना."

ती बरोबर बोलत होती. पण आपल्या हातावर धर्मपालचा भारी विश्वास, आणि त्या विश्वासानंच त्याचा घात केला. पाइप आला तो इतका पातळ, की दोन बोटांनी उचलावा. त्यानं बाबूसिंगला फोन लावला. "भाऊ, हे हालन." पलीकडून उत्तर आलं, "मी दर किती खाली आनला ते मालूम हाय ना तुले? तूच सांग, जाड कुठून आनू?" धर्मपालचा दर त्याहून खाली होता, तोही जाड पाइपाचा, पण तो बाद झालेला. मग धर्मपालनं वर्कशॉपमधलं भंगार शोधून टेबलांच्या पायांना जिथे जमेल तिथे आडव्या पट्ट्या मारल्या. नाव कोरायचं त्याच्या मनातही आलं नाही.

उद्घाटन थाटात झालं. बाबूसिंगला शाल मिळाली. धर्मपाल मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता.

महिनाभरात टेबलं डुगडुगायला लागली. इतकी वर्षं गावात बाक कुणी केले, फाटक कुणी केलं, हे कुणी विचारलं नव्हतं. आता मात्र अख्ख्या वस्तीला माहीत होतं, कारण टेबलं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्याच्या वर्कशॉपमध्ये बनली होती. "धर्मपालनं आपल्याच पोरायले चुना लावला," असं लोक त्याच्या कानावर पडेल इतक्या मोठ्यानं बोलू लागले. कागदावर बाबूसिंग, पण तोंडातोंडी 'धर्मपालचे टेबल'. जन्मभर जे नाव त्याला हवं होतं, ते हे असं मिळालं. कुणाला समजावून सांगायचं तर पहिलं वाक्य 'मी कोऱ्या कागदावर सही केली' हेच असणार होतं, म्हणून तो गप्प बसला.

एका रविवारी तो पान्हे घेऊन अभ्यासिकेत गेला. पाच-सहा पोरं होती. टेबलं भिंतीकडे सरकवून ठेवलेली होती आणि सगळी पोरं खाली फरशीवर पुस्तकं पसरून बसली होती.

"टेबलावर काहून नाही बसत वं, मैत्रेयी?"

ती ओशाळली. "लिवतानी हालते ना, काका. पेपर सोडवता येत नाही." मग तिनं विचारलं, "लोक म्हनतात, तुमीच बनवले. खरं हाय का?"

बाकीच्या पोरांनी माना वर केल्या.

"हो," धर्मपाल म्हणाला. "मीच बनवले."

मैत्रेयीनं त्याला टेबलांकडे जायला वाट व्हावी म्हणून आपली पुस्तकं जवळ ओढून घेतली, आणि ती पुन्हा खाली वाकून लिहू लागली.