माझे रोमन आकडे कोणी उपटले?

मी एक जुनं, भिंतीवरचं, किल्ली द्यावी लागणारं घड्याळ आहे, आणि मित्रांनो, आज माझं डोकं फिरलेलं आहे. गोडगोड कहाणी ऐकायला बसला असाल तर खुशाल उठा. मी आज भांडायला बसलोय.

मला समज आली ती भोरमधल्या एका छापखान्याच्या भिंतीवर. पांढरी तबकडी आणि तिच्यावर ठोकलेले पितळी आकडे, तेही रोमन. एकाला एक रेघ, दोनाला दोन, पाचाला खाली जुळलेल्या दोन, दहाला फुली. छापखान्याचे मालक गप्पिष्ट होते. 'रोमन' शब्द निघाला की हातातलं काम बाजूला राहायचं. रोमन म्हणजे मूळचा रोम शहराचा, ते सांगायचे. त्या शहराला नाव कुठून मिळालं यावर पंडितांचं काही जमत नाही. कोणी म्हणतं, लांडगीच्या दुधावर वाढलेल्या रोम्युलस राजावरून. कोणी म्हणतं, तिथल्या नदीचंच जुनं नाव तसं होतं. पुढे रोमचं राज्य पसरलं आणि शब्दाला पाय फुटले. तिथले आकडे रोमन, तिथली अक्षरं रोमन, पोपला मानणारे रोमन कॅथलिक. छापखान्यात इंग्रजीचा सरळ उभा टाइप तो रोमन आणि तिरका तो इटॅलिक. जर्मनीत तर म्हणे कादंबरीलाच रोमान म्हणतात.

"आकडे मात्र राजानं काढलेले नसणार," मालक म्हणायचे. "कुणीतरी मेंढरं मोजताना काठीवर खाच पाडली असंल. झाला एक."

तिथे रामभाऊ खिळे जुळवायचे, म्हणजे शिशाची अक्षरं ओळीत बसवायचे. छापखाना बंद पडला तेव्हा मालकांनी मला त्यांच्या हवाली केलं आणि मी त्यांच्या गावी, उत्रोलीला आलो. रामभाऊंच्या बायकोने, अक्काबाईने, शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. ती दुधाच्या रतिबाच्या रेघा कोळशाने भिंतीवर मारायची. मला पाहून म्हणाली, "ह्ये तर आमच्यातलंच हाय की." अन् दिवेलागणीच्या आत वेळ सांगायला शिकली. काय माझा थाट होता तेव्हा! एसटी गाठायची असली की शेजारीपाजारी आमच्या दारात डोकावायचे.

मग माझे तासाचे ठोके बंद पडले, काटे तेवढे फिरत राहिले. मोबाईल आले. माझ्याकडे कोणी बघेना. त्याचं मला दुःख झालं, राग नाही आला. जमाना बदलतो, चालायचंच.

काचबिंदूने अक्काबाईचे दोन्ही डोळे नेले तेव्हा रामभाऊंनी मला खाली, तिच्या छातीएवढ्या उंचीवर टांगलं आणि माझी पुढची काच काढून टाकली. तिचा हात धरून माझ्या तोंडावर फिरवला. काटे तिला सापडले, पितळी रेघा सापडल्या. रामभाऊ गेले. सून शुभांगी भोरला दुकानात कामाला जायची, घरात म्हातारी एकटी. पण ती स्वतः किल्ली द्यायची, स्वतः चाचपायची, गोळी घ्यायची, वंदनेच्या वेळेला काठी घेऊन विहाराकडे निघायची. किती वाजले हे तिला कुणाला विचारावं लागत नव्हतं. तेवढी एकच ऐट उरली होती तिची.

आणि मग पुण्याहून तिचा नातू, शुभांगीचा मुलगा सम्राट आला. घराला रंग द्यायचा होता. या शहाण्याला मराठीचा पुळका. "मराठी घरात रोमन कशाला?" म्हणाला, आणि स्क्रू-ड्रायव्हर घालून माझे आकडे एकेक करून उपटले. ते भंगाराच्या टेम्पोत गेले. माझ्यावर मराठी आकड्यांचा गुळगुळीत कागद डकवला, वर नवी काच गोंदाने घट्ट बसवली. मराठी आकड्यांशी माझं वैर नाही, सुरेख आहेत ते. पण हा गडी माझा फोटो काढून मोबाईलवर लिहितो काय, तर 'Maza marathi ghadyal'! अरे, ही अक्षरं कुणाची? तुझ्या खापरपणजोबाची? हीच ती रोमन. तुझ्या बोटाला रोमन चालतं, म्हातारीच्या बोटाला चालत नाही?

त्याने शुभांगीला विचारलं नाही. अक्काबाईला तर नाहीच.

अक्काबाई विहारातून आली. हात पुढे केला. काचेवर नखं वाजली. ती काचेवरून बोटं फिरवत राहिली, कडेपर्यंत गेली, परत आली.

"हितं काय झालंय?" तिनं विचारलं.

"आज्जी, नवं केलंय. लई भारी दिसतंय."

"कुणाला दिसतंय?"

सम्राट म्हणाला, "मोबाईल देतो की तुला. बोलून टाइम सांगतो त्यो."

"मला कुणी सांगाया नगं. म्या बघत हुते. तुझ्या आज्यानं दाखवलं हुतं. त्ये आकडं आण."

"टेम्पो गेला, आज्जी."

ती खाली बसली. पोरगं पांढरंफटक पडलं. चांगलं झालं. मला त्याची दया आली नाही, अजूनही येत नाही.

मग ती म्हणाली, "काच काढ. उदबत्त्या जळून ऱ्हायलेल्या काड्या कपाटात हायेत, त्या आण. गोंद हाय न्हवं तुझ्यापाशी?"

काच निघेना, फोडावी लागली. सम्राटने कागदाच्या सुंदर आकड्यांवर काड्या चिकटवल्या. एकाला एक, दोनाला दोन, पाचाला दोन जुळवून, दहाला फुली. अक्काबाई शेजारी उभी राहून प्रत्येक काडी चाचपत होती.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू जरूर बदला. पण आधी तिला रोज कुणाचा हात लागतो ते बघा आणि त्या माणसाला विचारा. एवढंही जमत नसेल तर माझ्यासारख्यांच्या वाटेला जाऊ नका.

आठाच्या आकड्यावर तिचं बोट अडलं.

"ही वाकडी बसलीया," ती म्हणाली. "काढ. पुन्यांदा लाव."

सम्राटने ती काडी काढली आणि पुन्हा लावली.