घागर धरणारी

फोटोत तेवीस माणसं होती: चौदा बायका, आठ पुरुष आणि श्रीवत्स. त्याच्या डाव्या हाताला विहिरीचा कठडा, उजव्या हाताला रेश्मा. रेश्माच्या कमरेवर तांब्याची घागर. भार्गवीनं पुन्हा मोजलं. तेवीसच.

श्रीवत्सच्या बारशाला त्याचे चुलत आजोबा बाळाचार्य यांनी पत्रिका मांडून सांगितलं होतं, की हे पोर लोकांचं पुढारीपण करील, कोरड्या वस्तीला पाणी देईल आणि घागर धरणारी बाई त्याच्या उजव्या हाताला उभी असेल. बाईचं नाव त्यांनी सांगितलं नव्हतं. भार्गवीच्या त्याच्याशी लग्नाला नऊ वर्षं झाली. ती बाई आपणच, हे ती धरून चालली होती. रायापूरची बुजलेली विहीर उपसायचं श्रीवत्सनं मनावर घेतलं तेव्हा त्याचे अर्ज तिनंच लिहिले, उन्हातान्हात हिंडून त्याचा घसा बसला की काढाही तिनंच दिला. रेश्माला वस्तीत त्याच्या मदतीला येऊन जेमतेम चार महिने झाले होते.

आणि आता रेश्मानंच भरून पाठवलेली बाटली देशपांडे नगरातल्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत, भार्गवीच्या टेबलावर होती. यंत्रानं गढूळपणा दाखवला ११.४. मर्यादा पाचची. बाटली उजेडाला धरली तर तळाशी लालसर पिवळा गाळ.

हळदीकुंकू. भार्गवीला हसू आलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं.

तिनं श्रीवत्सला फोन करून विचारलं, आधी पूजा केली की आधी पाणी काढलं?

"आधी पूजा. बायकांनी ताटं विहिरीत ओतली, मग रेश्मानं बाटली भरली. गंगेला न पुजता पाणी कसं काढायचं?"

"आणि घागर तिच्याकडे कशी?"

"तू आली नव्हतीस, भार्गवी. बोलावलं तर म्हणालीस, बाटल्या उकळायच्या आहेत."

तसं ती म्हणाली होती खरं.

अहवालावर सही केली की विहीर बंद. दोष बाटली भरणारीचा. वस्तीतल्या बायकाच रेश्माला हाकलून देतील. सही खोटीही ठरणार नव्हती, आकडा तर यंत्रानंच दिला होता. भार्गवीनं पेन उघडलं. पण हे विहिरीचं पाणी नव्हे, पूजेचं, हे तिला कळलं होतं, आणि कळलेलं पुसता येत नाही. तिनं टोपण लावलं आणि नमुना चुकीचा घेतल्याची नोंद केली.

मग तिनं तीन दिवस पूजा थांबवून पंपानं उपसा करायला लावला. चौथ्या दिवशी सकाळी उकळलेल्या बाटल्या घेऊन ती स्वतः रायापूरला गेली. बायका जमल्या होत्या. श्रीवत्स कठड्यापाशी होता, त्याच्या उजव्या हाताला रेश्मा. भार्गवीला पाहताच रेश्मा खाली मान घालून बाजूला झाली आणि तिनं घागर पुढे केली.

"अक्का, माझ्यामुळं झालं हे. ही तुम्ही धरा."

भार्गवीनं घागरीकडे पाहिलं. नऊ वर्षं वाट पाहिली होती तिनं त्या घागरीची.

"तूच धर," ती म्हणाली. "मला दोन्ही हात लागतात."

ती कठड्यावर ओणवली. श्रीवत्सनं न सांगता तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं, आणि बाटली भरून वर येईपर्यंत सोडलं नाही.

दुपारी यंत्रानं गढूळपणा दाखवला: ०.८.