किल्ली फिरवण्याआधी

मी टर्बोचार्जर बोलतोय. नाव लांबलचक आहे, म्हणून सगळे मला नुसतं टर्बो म्हणतात. माणसं मला नावानं ओळखतात, चेहऱ्यानं नाही. गाडीच्या पाठीवर माझं नाव मोठ्या अक्षरांत मिरवतात, पण बोनेट उघडून ‘यातला टर्बो कुठला?’ असं विचारलं, तर दहांतले आठ जण भलतीकडेच बोट दाखवतील. म्हणून सांगून ठेवतो. मी दिसायला पाठीला पाठ लावून बसवलेल्या दोन गोगलगायींसारखा आहे.

इंजिन डिझेल जाळतं आणि तापलेला धूर बाहेर टाकतं. तो धूर जाता जाता माझ्या एका बाजूचा पंखा फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा आहे. तो बाहेरची हवा ओढतो, दाबतो आणि इंजिनात भरतो. हवा जास्त मिळाली की डिझेलही जास्त जाळता येतं, आणि तेवढ्याच इंजिनाचा जोर वाढतो. चुलीला फुंकणीनं फुंकावं तसं हे काम आहे. फक्त माझी फुंकणी टाकून दिलेल्या धुरावर चालते. मिनिटाला लाखभर फेरे मारतो मी! चढावर बारीक शिट्टी ऐकू येते ना, ती माझीच.

माझा जन्म कारखान्यात झाला, तिथून मी एका पिकअपमध्ये बसलो आणि शेंद्र्याच्या खंडेरावाकडे आलो. खंडेराव मेंढपाळाच्या घरातला. थोरला भाऊ अजिनाथ आणि आई राजाबाई मेंढरं घेऊन रानोमाळ फिरतात. खंडेरावानं मात्र काठी ठेवली आणि स्टिअरिंग धरलं. शेंद्र्याच्या कंपन्यांतला माल इकडून तिकडे पोचवायचा, हा त्याचा धंदा.

माणूस लाखात एक. गाडीला रोज फडकं मारायचा, आरशाला गोंडा बांधायचा. पण एक खोड होती. गाडी थांबली रे थांबली की किल्ली फिरवून इंजिन बंद! ही राजाबाईची शिकवण. चुलीवर भांडं नसेल तर लाकूड ओढून विझवायचं, हे तिनं लेकरांना लहानपणापासून शिकवलेलं. भरल्या गाडीनं दौलताबादचा घाट चढून यायचं आणि वर पोचताच किल्ली फिरवायची. डिझेल वाचलं म्हणून तो खूश.

इकडे माझा जीव जायचा. माझा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. इंजिन बंद झालं की तेल येणं थांबतं. मी मात्र तसाच लालबुंद तापलेला आणि अजून गरगरत असतो. माझ्या अंगातलं उरलंसुरलं तेल तिथंच करपतं. एकदा करपलं तर चालतं. तीन वर्षं रोज करपलं, तर काय होणार? ओरडून सांगावं असं फार वाटायचं. पण माझी शिट्टी त्याला कौतुकाची वाटायची.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला ते झालंच. चढावर गाडी ओढेना. मागून काळा धूर, आणि माझी शिट्टी दमेकऱ्यासारखी घोगरी. नेमका त्याच आठवड्यात अजिनाथचा फोन आला. घाटाखाली, चाळीसगावच्या बाजूला एका रानात त्यांनी मेंढरं बसवली होती. शुक्रवारी त्या रानाला पाणी सोडणार होते. कळप चालत वर येईल, पण नऊ मेंढ्या नुकत्याच व्यालेल्या, अकरा कोकरं चार-चार दिवसांची. त्यातच राजाबाईचा पाय मुरगळून सुजलेला. कन्नडचा घाट त्यांना चढवणार नव्हता, गाडीनंच वर आणावं लागणार होतं.

खंडेरावानं एका मिस्त्रीला गाडी दाखवली. त्यानं बोनेटही नीट उघडलं नाही. “टर्बो गेला. काढून टाकू. त्याच्याबिगर बी गाडी चालती.”

“भरून घाट चढंल का?”

“रिकामी चढंल. भरून नाय.”

भंगारात जायचं या विचारानं मी गार पडलो होतो, खोटं कशाला बोलू? पण खंडेरावाचा चेहरा पाहून मला माझ्यापेक्षा त्याचंच वाईट वाटलं.

तिथून तो हर्सूलला विशाखाच्या गॅरेजवर आला. आयटीआय शिकलेली ही मुलगी आधी ऐकते, मग पाना उचलते. तिनं मला खाली उतरवलं, दांडा बोटांत धरून हलवून पाहिला, पंखे घासतात का ते पाहिलं.

“दादा, कुणी सांगितलं टर्बो गेला म्हणून? हवेची रबरी नळी फाटली आहे. दाबलेली हवा इंजिनात जायच्या आधीच बाहेर जाते. दांडा थोडा ढिला झालाय, पण चालेल.” मग तिनं तेलाची नळी त्याच्यासमोर धरली. आतून काळी, खपल्या धरलेली. “पण हे बघा. हे असंच राहिलं असतं तर महिन्याभरात खरंच गेला असता. चढून आल्यावर लगेच गाडी बंद करता ना?”

“व्हय. डिझेल वाचतं.”

तिनं तेल, तापमान, फेरे असं सगळं समजावलं. खंडेराव मान हलवत होता, पण डोळ्यांत काही उतरत नव्हतं. मग त्यानं ती नळी हातात घेतली, नखानं खपली काढली आणि एकदम म्हणाला, “ताई, म्हंजी हे पळून आलेल्या जनावरासारखंच झालं की! मेंढरू धापा टाकत आलं की आमी लगीच पाणी दाखवत नाय, बसू बी देत नाय. आधी सावलीत उभं करायचं, दम खाऊ द्यायचा. आन् इथं मी...” त्यानं माझ्यावरून हलकेच हात फिरवला. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

विशाखानं हवेची नळी बदलली, तेलाची वाट साफ केली, मला पुन्हा जागेवर बसवलं. “चढून आलात की एक मिनिट, दादा. नुसतं चालू ठेवायचं. जास्त नाही.”

गुरुवारी सकाळी आम्ही घाटाखाली पोचलो. मागे मेंढ्या आणि कोकरं भरली. पुढे राजाबाई, मांडीवर सगळ्यांत अशक्त कोकरू. अर्ध्या घाटात, ऐन वळणावर पुढची बस थांबली आणि आम्हालाही चढावर थांबावं लागलं. बस हलली. खंडेरावानं क्लच सोडला. धूर येऊन मला वेग घ्यायला क्षणभर लागतो. तेवढ्यात गाडी वीतभर मागे सरकली. मागच्या मेंढ्या ओरडल्या. राजाबाईनं कोकराला छातीशी धरलं. “खंड्या, सांभाळ रं!”

मग धूर आला. मी फिरलो. सगळा ढिला दांडा सावरून असा फिरलो, की नवेपणीही कधी फिरलो नसेन. गाडी थरथरली आणि वर निघाली.

माथ्यावर टपरीजवळ गाडी थांबली. खंडेरावाचा हात सवयीनं किल्लीकडे गेला आणि मागे आला.

“बंद कर की,” राजाबाई करवादली. “फुकट डिझेल जाळतो.”

“आई, त्याला धाप लागलीय. जरा दम खाऊ दे.”

“कुणाला?”

त्यानं बोनेटकडे बोट दाखवलं. म्हातारी लंगडत उतरली, मांडीवरचं कोकरू मागे त्याच्या आईजवळ सोडलं आणि बोनेटवर तळवा ठेवून उभी राहिली.

“लई तापलंय रं,” ती म्हणाली. “आन् तू तीन वरसं असंच करत होता?”

“मला काय म्हाईत? ते कुठं सांगतंय?”

“मुकं हाय ते. मुकं जनावर कधी सांगतं का? आपुनच वळखायचं आस्तंय.”

मला मुका म्हटलेलं एरवी मी खपवून घेतलं नसतं. त्या दिवशी मात्र गुमान ऐकलं, आणि एक मिनिट निवांत फिरत राहिलो. अकराही कोकरं मागे दूध पीत होती. आता मी जुना झालोय, ढिला झालोय. विशाखा म्हणते, अजून दोन-तीन वर्षं निघतील. तुमच्याही गाडीत माझा एखादा भाऊबंद असेल. चढ चढून आलात की त्याच्यासाठी एक मिनिट थांबा. तो मागणार नाही.