बोडीच्या पारीवरचा कॅमेरा

माझ्या थोरल्या पोरानं, श्रीहरीनं, सकाळच्या उन्हात कॅमेरा उघडला आणि आतलं रीळ सर्रकन बाहेर ओढलं, तेव्हा मी अंगणात तांदूळ पाखडत होते. सूप हातातच राहिलं. त्यानं रीळ दोन्ही हातांनी ताणून सूर्यापुढं धरलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "यात तर काईच नाई."

धाकटा खुशाल तेवढ्यात विहिरीवरून अंघोळ करून आला. ते पाहून ओल्या अंगानंच ओट्यावर बसला. मयताच्या घरी बसतात तसा.

"काय झालं रे?"

"रीळ धुतलं नव्हतं, माय. ऊन लागलं. सगळं गेलं."

खुशाल शाळेत मास्तर. मागल्या साली तो शेपटीचा तारा येऊन गेला, तेव्हापासून हा आकाशाच्या नादी लागलेला. मृग नक्षत्राच्या भोवती म्हणे एक भलंमोठं वायूचं कडं आहे, तेजोमेघ म्हणतात त्याला. निखाऱ्यासारखं लाल, पण इतकं मंद की डोळ्याला दिसतच नाही. त्याचा फोटो याला पाहिजे होता. नागपूरच्या एका प्रोफेसरानं त्यासाठी एक खास काच वापरायला दिली होती. त्या वायूचा तेवढा एकच लाल उजेड ती आत घेते, बाकी सगळा उजेड बाहेर ठेवते. काच दुसऱ्या दिवशी परत करायची होती आणि तसलं रीळ चंद्रपुरातही मिळत नव्हतं.

मी त्याला कमी टोचलं नव्हतं. "तिथी आभाळात कोनाचं लगन आहे रे, तू फोटो काढून राह्यला? कोनी हसून उभं राह्यते का?" पण पोरगा ऐकेल तर शपथ. दोन फळ्या बिजागरीनं जोडून वर कॅमेरा बसवला, खाली स्क्रू लावला. तारे सरकतात त्या चालीनं तो स्क्रू हळूहळू फिरवत राहायचा. जेवणं झाली की हा आमच्या बोडीच्या पारीवर जाऊन बसायचा. बोडी म्हणजे आमच्या धानाला पाणी देणारं छोटं तळं. माझ्या मालकानं आणि मी डोक्यावर माती वाहून तिची पार, म्हणजे कडेचा बांध, घातली.

मी श्रीहरीकडं वळले. "तुले काय भूत लागलं का? न विचारता दुसऱ्याच्या वस्तूले हात लावते?"

तो खुशालवरच ओरडला. "याले विचार! कोनाच्या सांगन्यावरून बोडीचे फोटो काढून राह्यला हा? कोन्या नाकेदारानं पाठवलं याले?"

खुशालनं मान वर केली. "बोडीचे?"

"मंग कायचे? रोज पारीवर बसते, कॅमेरा लावते!"

"दादा, कॅमेरा वर असते." खुशाल आत गेला आणि ती काच घेऊन आला. "घे. डोळ्याले लाव."

श्रीहरीनं लावली. भर उन्हातलं अंगण त्याला दिसेना. मीही मागून घेतली. माझंच घर मला काळंमिट्ट, थोडं लालसर, दिवेलागणीनंतरचं असावं तसं दिसलं.

"रात्री यातून बोडी दिसन का?" मी खुशालला विचारलं.

"रेडा समोर उभा राह्यला तरी नाई दिसनार, माय."

मी श्रीहरीच्या तोंडाकडं पाहिलं. तांदळाच्या पेजेसारखं पांढरं पडलं होतं. हा माझा थोरला. तालुक्याच्या गावापर्यंत, सावलीपर्यंत त्याचं नाव. विहाराच्या बांधकामात सगळ्यात पुढं. याचं नाव घेऊन मी गावात किती जणींची तोंडं बंद केली असतील. त्याला जंगल राखणाऱ्या नाकेदाराची भीती कशाची?

आणि मग मला माघ आठवला. दर साली माघात आम्ही बोडी फोडून, सगळं पाणी सोडून देऊन मासे धरतो. या साली हाच म्हणाला, राहू दे माय, मासे मोठे होऊ दे. पोर किती पुढचं पाहतं, म्हणून मी चारचौघींत सांगितलं होतं!

मी उठले. लुगडं खोचलं. मागून श्रीहरी, "माय, थांब, माय," करत आला. मी थांबले नाही.

बोडीत कमरेइतकं पाणी होतं. चार पावलं आत गेले आणि पाय कशावर तरी घसरला. चिखल नव्हता, दगड नव्हता. मी वाकून हात घातला. लांब, गोल, साल काढलेलं. त्याच्या बाजूला दुसरं, पलीकडं तिसरं. अख्खा तळ सागवानानं भरला होता. मी पाण्यात तशीच उभी राहिले.

"कवापासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून." तो पारीवर खाली बसला. "ठेकेदाराचा माल आहे, माय. पुढल्या हप्त्यात ट्रक येते. तू गप राह्य. कोनाले काई समजनार नाई."

खुशालही येऊन पोचला होता. त्यानं मी पाण्यातून वर उचलून धरलेलं एक टोक पाहिलं, मग भावाला पाहिलं. "मी कोनाले नाई सांगनार, दादा," तो हळूच म्हणाला. फोटो गेल्यावर रडला नव्हता, आता डोळे भरले होते.

दोघंही माझ्याकडं पाहत होते. गावात कुणाचं भांडण असलं की लोक माझ्याकडं येतात, आणि उत्तर माझ्या जिभेवर तयार असतं. त्या दिवशी मी आधी पाण्याबाहेर आले. पारीवर उभं राहून लुगड्याचं पाणी पिळलं.

"ऊठ," मी श्रीहरीला म्हटलं. "पुढं चाल."

"कुठी?"

"जंगलाच्या नाक्यावर."

"माय, मले जेलात घालतीन! पोरंबाळं आहेत मले!"

"मले नाईत का?"

तो उठला. मारून-मुटकून नेल्यासारखा पुढं, मी मागं, ओलं लुगडं पायांना चिकटत होतं. गावातून जावं लागलं, दुसरी वाट नाही. बायनाबाई दारात भांडी घासत होती.

"कुठी चालल्या बाई, बड्या पोराले घेऊन?"

"चोर पोचवाले," मी म्हटलं.

बायना खळखळून हसली. "तुमचं बोलनंच असं, बाई!"

श्रीहरी थबकला होता. मी त्याच्या पाठीला हात लावून त्याला पुढं ढकललं.