बैलांच्या पुढची घोडी

मित्रांनो, मी एक म्हातारी घोडी आहे आणि मला राग आलेला आहे. अशा गोष्टीत आधी बालपण सांगायचं असतं, आईची आठवण काढायची असते, डोळ्यांत पाणी आणायचं असतं. ते सगळं मी करणार आहे. फक्त रागात करणार आहे, तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म एका स्टड फार्मवर झाला. तिथे घोड्यांची नावं इंग्रजीत ठेवतात, म्हणजे घोड्यांना ती कळत नाहीत. माझं नाव होतं ‘ड्यूक्स सेकंड अपॉलॉजी’. ड्यूकची, म्हणजे माझ्या बापाची, दुसरी माफी. पहिली माफी म्हणजे माझा थोरला भाऊ. तो पहिल्याच शर्यतीत दार उघडल्यावर मागच्या दिशेने पळाला होता. माझी आई स्वभावाने शांत होती. तिला माझं नाव शेवटपर्यंत घेता आलं नाही. डोळ्यांत पाणी आणायची जागा हीच होती. आणून झालं असेल तर पुढे जाऊ.

मग मी पुण्याच्या रेसकोर्सवर आले. माझी देखभाल करणारा मोतद्दार हिंदुराव रोज सकाळी माझ्या चारही पायांवरून हात फिरवायचा आणि मगच स्वतःचा चहा प्यायचा. माझा जॉकी सुजित दुपारी दोन उकडलेली अंडी घेऊन बसायचा. एक खायचा आणि दुसऱ्याकडे बघायचा. हेच त्याचं जेवण. कोणी म्हणालं, “अरे, चपाती खा की भावा,” तर म्हणायचा, “खाईन मी, पण ओझं उचलायचंय हिला.” मित्रांनो, माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात शहाणं वाक्य आहे. ते उपाशी माणसाने बोललेलं आहे, याची नोंद घ्या.

तिथे मी जिंकले की गळ्यात हार पडायचा आणि मालकीणबाई टोपी सांभाळत माझ्याशेजारी उभ्या राहून फोटो काढून घ्यायच्या. पुढे माझा वेग उतरला. घोड्याला निरोप समारंभ नसतो. ट्रक असतो.

ट्रक मला घेऊन चाकणच्या बाजूला आला. तिथे मला बबनरावांनी विकत घेतलं होतं. बबनरावांच्या शेतात आता कंपन्या उभ्या आहेत. त्या कंपन्यांना कंत्राटी कामगार पुरवणं हा त्यांचा धंदा आहे आणि बैलगाडा हा त्यांचा जीव आहे. या भागातला बैलगाडा तुम्ही पाहिला नसेल तर सांगते. चढाचा एक लांब रस्ता असतो, त्याला घाट म्हणतात. गाड्याला चार बैल जुंपतात, गाडीत माणूस कोणीच नसतो. मग बैल पळतात कशाला? तर त्यांच्या पुढे एक घोडी पळते, स्वाराला पाठीवर घेऊन. घोडी पळाली की बैल तिच्यामागे सुटतात. ती घोडी म्हणजे मी.

आता नीट विचार करा. घाटात मी पहिली यायचे. प्रत्येक वेळी पहिली. मागे पडायची मला सोयच नव्हती, मागे चार बैल असायचे. आणि बक्षीस कोणाला? मागच्यांना! हा कुठला हिशेब आहे? तुमच्या शाळेत पहिल्या आलेल्या मुलीला घरी पाठवून तिच्यामागच्या चौघांना ढाल दिली, तर तुमची आई शाळेत येऊन काय काय बोलेल? मला आई नाही. म्हणून मीच बोलते आहे.

त्या चौघांतल्या पुढच्या बैलाचं नाव मंत्री. मंत्र्याच्या वाढदिवसाला चाकणच्या चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर मंत्री असतो, गॉगल घातलेले बबनराव असतात, गॉगल घातलेली आणखी बरीच माणसं असतात. गेल्या वर्षी मीही होते, म्हणजे उजव्या कोपऱ्यात माझी शेपटी होती. त्या शेपटीवर कोणीतरी ‘शुभेच्छुक’ असं छापलं होतं. मी कोणालाही शुभेच्छा दिलेल्या नव्हत्या.

मला घाटात पळवणारा स्वार म्हणजे निरंजन. हा हिंगोलीकडचा. बबनरावांनीच त्याला एका कंपनीत कंत्राटावर लावलं होतं. शिफ्ट संपली की तो गोठ्यावर येऊन मला फिरवायचा. आमचा पहिला सराव फार वाईट गेला. रेसकोर्सचा रस्ता गोल असतो. घाट सरळ असतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी वळण शोधत पळत सुटले. निशाण मागे राहिलं, गाव मागे राहिलं, तळेगावचा रस्ता लागला, तरी वळण येईना. शेवटी डावीकडे एक छान वळण दिसलं. मी वळले. ते एका कंपनीचं गेट होतं.

वॉचमनने वहीवरची मान वर न करता विचारलं, “कोणाला भेटायचंय?”

“कोणाला नाही काका,” निरंजन वरून म्हणाला, “ही थांबंना झालीय.”

“अपॉइंटमेंट आहे का हिची?”

“घोडी आहे काका ती.”

वॉचमनने तेव्हा कुठे वर पाहिलं. “घोडी असो नाहीतर घोडा. हेल्मेट न घालता आत सोडत नाही.”

तेव्हापासून निरंजनची आणि माझी गट्टी जमली. तो मला ‘तांबडे’ म्हणायचा. हे नाव मला पहिल्याच दिवशी कळलं. पायांवरून हात फिरवायची सवय त्यालाही होती. ती त्याला कोणी लावली होती, मला माहीत नाही.

यंदा राजगुरुनगरच्या अलीकडे एका गावाच्या यात्रेत मंत्र्याचा गाडा फायनलला गेला. बबनरावांनी फ्लेक्स आधीच छापून ठेवला. आणि दोन दिवस अगोदर माझा पुढचा डावा पाय सुजला. निरंजनने हात लावला आणि तो थेट बबनरावांकडे गेला.

“मालक, पाय गरम लागायलाय हिचा.”

“मंग? गाडीचं विंजिन बी गरमच आसतंय. गरम हाय म्हंजी पळायला तयार हाय.”

“तसं न्हाई मालक. शीर भरलीय. घाटात बसली तर बैलं वरून जातील. तिच्यावरून आन् माझ्यावरून.”

“इंजेक्शन मारू. दुखणारच न्हाई.”

“दुखलं न्हाई तर तिला कळंल कसं, पाय गेला म्हणून?”

बबनरावांनी मिशीवरून हात फिरवला. “निरंजनराव, तुमचं कंत्राट कुणाच्या हातात हाय? पुढच्या म्हयन्यात नवीन माणसं घ्यायचीत. बघा, तुम्हाला जमंना तर दुसरा बसवू घोडीवर. आन् दुसरा बसवू मशिनीवर बी.”

मित्रांनो, निरंजनच्या बायकोचं नाव साधना. चऱ्होलीत एका नव्या इमारतीच्या मागे त्यांची पत्र्याची खोली आहे. ती पोटुशी होती. हे सगळं निरंजनच्या डोक्यात चाललेलं मला पाठीवर कळत होतं. काळजी फार जड असते. सुजितसारखं एका अंड्यावर राहूनही ती हलकी होत नाही. दुसरा कोणी अर्धवट पोरगा माझ्यावर बसला, तर तो मरेल, आणि आपण बसलो तर आपण मरू, अशा दोन बाजूंच्या मधे तो अडकला होता. शेवटी तो म्हणाला, “मीच बसतो.”

फायनलच्या दिवशी सकाळी मला इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने तो पाय गायब झाला. खाली बघितलं तर जागेवर होता, पण माझा नव्हता. दुसऱ्या कोणाचा तरी पाय माझ्या अंगाला लावून ठेवल्यासारखा. मी घाटाच्या तोंडाशी उभी राहिले. मागे चार बैल, त्यांना धरून लोंबकळणारी दहा-बारा माणसं. दोन्ही बाजूंना गर्दी. माईकवाला गळा फाडून ओरडत होता, “मंत्री घाटात आलाय! मंडळी, मंत्री आलाय!” माझं नाव कोणी घेतलं नाही. वर निरंजन बसला होता.

मला भयंकर राग आला. बैलांचा नाही. बैल बिचारे, त्यांना फ्लेक्सवरही कोणी विचारून लावत नाही. राग आला तो हसत उभ्या असलेल्या माणसांचा.

आणि मी खाली बसले.

कुत्रं बसतं तशी बसले. मागचा भाग जमिनीवर, पुढचे पाय ताठ. घोडी अशी बसलेली त्या गावात कोणी पाहिली नव्हती. निरंजन अलगद घसरून मातीत उभा राहिला. माईकवाल्याने “भिर्रर्र” सुरू केलं होतं, ते “भिर्र... अरं?” असं संपलं. मंत्र्याने माझ्याकडे पाहिलं, विचार केला, आणि तोही बसला. मग बाकीचे तिघे बसले.

“उठवा तिला!” बबनराव धावत आले. “ए तांबडे! ऊठ! फ्लेक्स छापलाय माझा!”

शर्यतीवर नेमलेल्या सरकारी डॉक्टरीणबाई तोवर पोचल्या होत्या. त्यांनी माझा पाय दाबून पाहिला. मी काहीच केलं नाही, कारण मला काहीच कळलं नाही. त्याचाच त्यांना संशय आला.

“हिला काही दिलंय का?”

“न्हाई मॅडम,” बबनराव म्हणाले, “ती आळशी हाय जरा. रेसकोर्सवरची ना, लाडावल्याली.”

डॉक्टरीणबाईंनी निरंजनकडे पाहिलं. बबनरावांनीही पाहिलं. दोघांचं पाहणं अगदी वेगळं होतं. माणसाला तेव्हा गप्प बसणं फार सोपं असतं, मित्रांनो. घोड्यांनाही ते जमतं, आम्ही जन्मभर तेच करतो.

निरंजन म्हणाला, “सकाळी इंजेक्शन दिलंय मॅडम. पाय परवापासून गरम आहे. मी सांगितलं होतं.”

गाडा बाद झाला. मंत्र्याचा फ्लेक्स गोठ्याचं गळकं छप्पर झाकायला गेला. बबनराव मला विकायला निघाले होते, पण त्यांच्या बायको रुक्मिणीबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. “हिला इकायची आसंल तर आधी त्या मंत्र्याला इका. आख्ख्या घाटात अक्कल हिलाच हुती.” म्हणून मी अजून गोठ्यामागे आहे, लंगडत, गवत खात.

निरंजनचं काम मात्र दुसऱ्याच दिवशी गेलं. आता तो सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहतो. साधनाला मुलगी झाली आहे.

तर मित्रांनो, शेवटी काहीतरी मागायचं असतं, म्हणून मागते. माझ्यासाठी हळहळू नका, हळहळ मला चावता येत नाही. तुमच्या आसपास कुठलंही ओझ्याचं जनावर असेल, तर त्याच्या पायाला एकदा हात लावून बघा. आणि तुमच्या बाबांच्या कंपनीत जागा निघाली, तर निरंजनचं नाव सांगा. ते विचारतील, एवढा चांगला माणूस आहे तर आधीच्या कामावरून का काढला? तेव्हा घाबरू नका. खरं तेच सांगा. म्हणावं, पाय गरम आहे, असं तो सगळ्यांसमोर बोलला.