जित्या बहिणीची तेरवी

महादेवरावाच्या छातीत विषाणू शिरला आणि दोन्ही फुप्फुसं निकामी व्हायला लागली, तेव्हा त्याच्याजवळ बसायला घरात कुणी धड उरलं नव्हतं. बायको त्याच तापानं अंथरुणाला खिळलेली, मुलगा ऋतिक त्याच तापानं फणफणलेला. पोरानं शेवटी कुठून तरी नंबर मिळवला आणि सिंदी मेघेत राहणाऱ्या, आजवर कधी न पाहिलेल्या आत्याला फोन लावला.

"आत्या, बाबाले वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. मशीनवर ठेवलं आहे. कोणी नाई वं त्याह्यच्याजवळ."

वर्षालीनं फोन ठेवला आणि आधी पोटभर हसून घेतलं. हसण्यासारखंच होतं ते. या महादेवरावानं, तिच्या सख्ख्या थोरल्या भावानं, तिची तेरवी घातली होती. तीही ती जिवंत असताना. तिनं बौद्ध घरातल्या अश्वजितशी लग्न केलं म्हणून यानं डोकं भादरलं, तिच्या फोटोला हार घातला, पिंड पाडले आणि अख्ख्या गावाला जेवू घातलं. कावळा पिंडाला शिवला की नाही, ते तिला कुणी सांगितलं नाही. गावानं बुंदी मात्र मागून मागून खाल्ली, एवढं कानावर आलं. त्या दिवशी ही मेलेली बाई नव्या घरात पडदे लावत होती.

"जातं का?" अश्वजितनं विचारलं.

"जातो. पण मले दया येऊन राह्यली असं समजू नको. तो असाच मरून गेला तं मी जन्मभर मेलेलीच राहीन. त्यानंच मारलं, आता त्यानंच गावासमोर म्हणावं का जिती आहे म्हणून."

दवाखान्यात महादेवरावाच्या नाकातोंडावर मास्क होता, पट्ट्यांनी करकचून आवळलेला. मशीन दर श्वासाला त्यातून हवा आत ढकलायचं. त्याला गुदमरल्यासारखं व्हायचं आणि तो मास्क ओरबाडायचा. मास्क सरकला की रक्तातला ऑक्सिजन धाडकन खाली यायचा. डॉक्टर रीता मॅडम वैतागल्या होत्या. घरचं माणूस उशाशी बसलं तर घाबरणार नाहीत, म्हणाल्या, आणि वर्षालीला गाऊन, टोपी, चेहऱ्यावर मास्क असा सगळा जामानिमा चढवून आत घेतलं.

महादेवरावानं डोळे उघडले तर समोर ती. गाऊन-टोपीतूनही त्यानं तिला ओळखलं आणि तो टरकला. मेलेली बहीण न्यायला आली, असंच त्याला वाटलं असणार. वाटू दे, वर्षाली मनात म्हणाली. त्याचा हात मास्ककडे गेला, तो तिनं मनगटाला धरून खाली दाबला.

"काढायचा नाई. इतक्या सहज सुटशीन असं वाटते का तुले?"

ती तिथून हललीच नाही. त्यानं हात उचलला की हिचा हात वर. दुसऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना सिस्टर तिचं कौतुक सांगायच्या, बघा, बहीण असावी तर अशी. वर्षाली मास्कच्या आतल्या आत हसायची.

पण मशीनची हवा पुरेना. रीता मॅडम म्हणाल्या, आता घशातून नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागेल. झोपेचं औषध दिलं की त्यांना बोलता येणार नाही, काही बोलायचं असेल तर आत्ताच बोलून घ्या. वर्षालीनं संमतीची सही केली. नातं काय, असं विचारलं तेव्हा स्पष्ट आवाजात बहीण म्हणून सांगितलं.

महादेवरावानं सगळा जोर लावून मास्क बाजूला सारला. "वर्षे... चुकलं माह्यं..."

इतकी वर्षं ती याच शब्दांसाठी जळत होती. ते आले, आणि तिनं मास्क पुन्हा त्याच्या तोंडावर दाबला.

"इथं नाई. तेरवी गावासमोर केली, आन माफी माह्या कानात मांगतं? वाचून ये. मंग सांग."

त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. ते तिनं पुसलं नाही.

मग नळी घालून, फुप्फुसांना हवा पोचावी म्हणून त्याला पालथं निजवलं. पाठ वरखाली होत होती, पण श्वास त्याचा नव्हता, मशीनचा होता. वर्षाली बाहेरच्या बाकावर बसून राहायची. तोंडाशी आलेली माफी आपण आपल्याच हातानं परत लोटली, हे तिला खात होतं. ही काही माया नाही, असं तिनं अश्वजितला दोनदा बजावलं. त्यानं डबा उघडून तिच्या पुढ्यात ठेवला.

महादेवराव वाचला. नळी निघाली, घोगरा का होईना आवाज परत आला. साध्या वॉर्डात आणल्यावर तिनं खुर्ची जवळ ओढली.

"हं. काय सांगत होता?"

तो भिंतीकडे बघायला लागला. "काय सांगत होतो? मले काईच आठवत नाई."

त्या औषधांनी विसरायला होतं, हे मॅडमनीही सांगितलं होतं. वर्षालीनं ते मानलंही असतं. पण लगेच तो म्हणाला, "तू आता जाजो. सुट्टी होईन तवा ऋतिक येईन. गावचे लोक तुले पाहतीन तं काय म्हणतीन?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माफी मागणारा भाऊ नळी घालताना गेला होता आणि तिनं वाचवला होता तो हा, जुनाच. "बरं," ती गोड आवाजात म्हणाली.

सुट्टी झाली तेव्हा ऋतिकच्या अंगात उभं राहायचीही ताकद नव्हती, म्हणून वर्षालीच सोबत निघाली. घरी काही दिवस ऑक्सिजन लावा आणि रोज थोडं थोडं चालवा, असं मॅडमनी सांगितलं. अँब्युलन्स गिरडच्या रस्त्यानं गावात शिरली आणि वर्षालीनं ड्रायव्हर ओमप्रकाशला चौकातच थांबायला लावलं.

"गाडी दारापर्यंत जाते," महादेवराव म्हणाला.

"डॉक्टरनं चालायले सांगतलं."

लहान सिलिंडर काखेत मारून ती खाली उतरली. सिलिंडरपासून त्याच्या नाकापर्यंतची नळी आखूड होती, त्यामुळे ती जाईल तिथे त्याला जाणं भागच होतं. संध्याकाळची वेळ, चौक माणसांनी भरलेला. तो दातओठ खात म्हणाला, "मांगच्या गल्लीतून चाल." ती चौकाच्या मधोमध गेली आणि थांबली.

माणसं उठून उभी राहिली. तेरवीच्या पंगतीत वाढप करणारा म्हातारा कवडू पुढे आला. "महादेवा, हे कोण आहे रे तुह्यासोबत?"

त्याला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

महादेवराव घराकडे वळला, तशी नाकातली नळी ताणली. घर तर समोर दिसत होतं. सिलिंडरच्या चावीला वर्षालीनं बोटही लावलं नाही. हवा पुरेपूर सुरू होती, फक्त तिचं पाऊल उचलत नव्हतं.

"लोक विचारून राह्यले, दादा."

"बहीण," तो पुटपुटला.

"मोठ्यानं. तेवढा श्वास आहे तुह्यात, मीच टिकवला."

"माही बहीण आहे," तो धापा टाकत म्हणाला. "वर्षाली. जिती आहे."

कवडूनं नजर पायाशी वळवली. वर्षालीला असा काही आनंद झाला की त्याची लाजसुद्धा वाटली नाही. मग ती चालायला लागली.

घराच्या ओट्यावर तो मटकन बसला. श्वास जागेवर आल्यावर म्हणाला, "झालं तुह्या मनासारखं?"

तिनं सिलिंडर खाली ठेवलं आणि त्याच्या कानामागची नळी नीट केली. "अर्धंच झालं. चुकलं माह्यं, हे राह्यलंच अजून. उद्या याच टायमाले येतो. डॉक्टरनं रोज चालायले सांगतलं आहे."