कॅप्टनची जीभ आणि आयझॅकची चड्डी

कॅप्टन ट्रेगेअर गेल्या हिवाळ्यात मातीखाली गेला, म्हणून आता तोंड उघडते. हयात असेपर्यंत गप्प राहायचा शब्द दिला होता आणि तो मी पाळला. कसा पाळला ते माझं मला माहीत!

डाल्टनकडच्या आमच्या लोखंडाच्या खाणीत दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी खणणाऱ्यांच्या मजुरीचा भाव ठरायचा. खाणीचा मुख्य म्हणजे कॅप्टन. तो बोगद्यात उतरून समोरची भिंत बघायचा. दगड कठीण असेल तर टनामागे जास्त शिलिंग, मऊ लाल खनिज असेल तर कमी. म्हणून आदल्या दिवशी सगळेच मऊ खनिज झाकायला भिंतीवर थोडी पिवळी चिकणमाती फासायचे. हे कॅप्टनलाही ठाऊक होतं. पण त्याला गर्व होता तो आपल्या जिभेचा. भिंतीला जीभ लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, शंभरात किती लोखंड, किती वाळू. लोक माना डोलवायचे. मी म्हणायचे, बायकोच्या हातचं कालवण कधी एवढं चवीनं खाल्लंय का यानं?

त्या महिन्यात माझा नवरा आयझॅक आणि त्याचा जोडीदार बार्नाबस यांना घबाड लागलं. लोण्यासारखं मऊ, तेलकट लाल खनिज, पुरुषभर उंच. दोघांना हाव सुटली. भिंतीवर हातभर जाडीचा चुनखडीचा थर रचला आणि वर चिकणमाती लिंपली. अशी सफाई घरातली चूल लिंपताना दाखवली असती तर मी ओवाळलं असतं!

कॅप्टननं जीभ लावली. डोळे मिटले. "संपलं रे. निव्वळ माती. हा बोगदा आजपासून बंद. आयझॅक, शनिवारी घराची किल्ली आणून दे."

घर खाणीचंच होतं. काम गेलं की घर गेलं. आणि खरं सांगायची सोय नव्हती, कारण लबाडी कबूल केलेल्या माणसाला आसपासची एकही खाण दारात उभी करत नसे.

आयझॅक घरी येऊन डोकं धरून बसला.

"थोडी फासायची होती रे मेल्या! भिंत कशाला बांधलीस?"

"बार्नाबस म्हणाला, काम करायचं तर नीट करावं."

"आयुष्यात पहिल्यांदाच नीट काम केलंत, तेही नको तिथे!"

ओरडता ओरडता मी भांडी गोळा करायला लागले. याच घरात माझी दोन मुलं जन्मली होती, आणि एक इथंच गेलं. जायचं कुठं?

शुक्रवारी राग काढायला मी त्याचे खाणीतले कपडे बडवून धुतले. टबाच्या तळाशी लाल गाळ बसला, बोटानं घ्यावा तर मलईसारखा. मी बघतच राहिले. वरचं पाणी ओतून दिलं आणि गाळ बशीत काढला.

शनिवारी कॅप्टन किल्ली न्यायला स्वतःच आला. मी ती त्याच्या हातात दिली.

"कॅप्टनसाहेब, जाता जाता एवढं बघा," मी बशी पुढे केली. "त्याच बोगद्यातलं आहे. बार्नाबस म्हणतो, नुसता चिखल. मी म्हटलं, खरं काय ते साहेबांची जीभच सांगेल."

फुशारला ना गडी! बोट बुडवून चाखलं. पुन्हा चाखलं. डोळे मिटले.

"साठ! शंभरात साठ भाग लोखंड! वाळूचा कणसुद्धा नाही. बाई, हे नक्की त्याच बोगद्यातलं?"

"नक्की. आमचा आयझॅक पंधरा दिवस त्याच्यावरच बसून जेवत होता. त्याच्या चड्डीतून निघालंय."

कॅप्टनचं बोट तोंडातच राहिलं. आयझॅक दाराआड लपला.

"लबाडी केलीत तुम्ही!" कॅप्टन ओरडला. "जिल्ह्यात कुठे काम मिळू देणार नाही!"

"नका देऊ. मग मला गावभर सांगावं लागेल, काम का गेलं ते. जिभेनं भिंत ओळखली नाही आणि काय ओळखलं ते."

त्यानं बोट कोटाला पुसलं. "सोमवारी दोन हात आणखी खणायला सांगतो," शेवटी म्हणाला. "माझ्याच अंदाजानं."

"तुमच्याच. तुम्ही आहात तोवर माझं तोंड बंद. आणि घर?"

"राहा."

"भाव?"

"मऊ खनिजाचा, कमीच. जीव घेशील का आता?"

म्हटलं, ठीक आहे, तेवढं त्याचं राहू दे.

किल्ली टेबलावर ठेवून तो दारापर्यंत गेला आणि वळला. आवाज अगदी खाली आला होता.

"बाई, ती चड्डी... आधी धुतलेली होती ना?"

"नाही हो साहेब. धुतली तेव्हाच तर हे निघालं."

सोमवारी बोगदा उघडला. कॅप्टन खाली उतरला तो हातात हातोडी घेऊन, आणि पुढे वीस वर्षं त्यानं कुठल्याच भिंतीला जीभ लावली नाही.